आभाळ पेलणारी मटिल्डाबाई

मैत्रिणींनो, घर कुणाच्या नावावर? मुलं कुणाची? माहेराहून आणलेल्या वस्तूंवर हक्क कुणाचा? आपल्या महिला मंडळात हे प्रश्न निघाले की एकदम शांतता पसरते. कुणी पदराशी चाळा करतं, कुणी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतं. हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या दोघी-तिघी तर प्रत्येक बैठकीत असतातच.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात या प्रश्नांना दोन वेगवेगळी उत्तरं होती. गोऱ्या लोकांच्या कायद्यात लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याची, तिची कमाई नवऱ्याची आणि मुलांवरचा हक्कही नवऱ्याचाच. मरताना मुलांचा पालक म्हणून बायकोऐवजी भलत्याच माणसाचं नाव मृत्युपत्रात लिहून जायचीही त्याला मुभा होती. मालमत्तेबद्दलचा कायदा तिथं १८४८ साली थोडासा बदलला आणि बाईला तिची कमाई तर १८६० नंतर मिळू लागली.

आणि त्याच राज्यात, तळ्याकाठच्या त्याच मुलखात, होडेनोशोनी नावाचे मूळचे लोक राहत होते. त्यांच्यात घर बायकांचं. शेत आणि धान्य बायकांच्या ताब्यात. मूल आईच्या कुळाचं. नवऱ्याशी पटलं नाही तर तो आपलं सामान उचलून त्याच्या आईच्या घरी जायचा, बाई मुलांसह आपल्याच घरी राहायची!

ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघणारी आणि आपल्या लोकांना त्याबद्दल ठणकावून विचारणारी एक गोरी बाई तिथं होऊन गेली. तिचं नाव मटिल्डा जॉस्लिन गेज. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मतदान-हक्काच्या लढ्यात सुसान अँथनी आणि एलिझाबेथ केडी स्टँटन ही दोन नावं सगळीकडे येतात. त्यांच्या बरोबरीचं तिसरं नाव या मटिल्डाबाईंचं. पण शाळेच्या पुस्तकातून ते गळालं, ते गळालंच.

मला त्या भेटल्या त्या एका शाळेच्या प्रकल्पामुळे. माझ्या मोठ्या नणंदेची मुलगी न्यूयॉर्क राज्यात राहते. तिचा मुलगा चौथीत गेला तेव्हा ती फोनवर म्हणाली, मामी, याला शाळेत होडेनोशोनी लोक शिकवतात, आता पुठ्ठ्याचं लांबघर करून न्यायचंय. त्या राज्यात चौथीच्या समाजशास्त्रात हा विषय असतो. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली. पण आमच्या अभ्यासातली अमेरिका म्हणजे वॉशिंग्टन, लिंकन आणि यादवी युद्ध. उत्सुकता वाटली म्हणून मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता मटिल्डाबाईंपर्यंत पोचले.

आधी त्या लांबघराबद्दल सांगते. होडेनोशोनी या नावाचा अर्थच लांबघर बांधणारे लोक. बाहेरच्यांनी त्यांना इरोक्वॉय म्हटलं, पण त्यांना स्वतःचं नावच आवडतं. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका अशी ही पाच राष्ट्रं, पुढे १७२२च्या सुमारास टस्करोरा मिळाले आणि सहा झाली. लाकडाचा सांगाडा, त्यावर एल्म झाडाच्या सालीचं आच्छादन, आत मधोमध चुलींची रांग. एका चुलीवर समोरासमोरची दोन कुटुंबं. आणि ही सगळी कुटुंबं एका आईच्या वंशातली! म्हणजे मुली घरातच राहायच्या, जावई नांदायला यायचे.

शेतीही बायकांची. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायचे, त्यांना त्या तीन बहिणी म्हणतात. मका ताठ उभा राहतो, घेवड्याचा वेल त्याच्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची रुंद पानं खाली पसरून ओल धरून ठेवतात, तण वाढू देत नाहीत. शेतात राबलेल्या कुठल्याही बाईला यातली अक्कल समजावून सांगावी लागणार नाही.

ही राष्ट्रं पूर्वी एकमेकांचे गळे धरायची. त्यांच्यात समेट घडवणाऱ्या शांतिदूताची मोठी कथा ते सांगतात. शांततेचं म्हणणं सगळ्यात आधी पटलं ते जिगोन्सासे नावाच्या एका बाईला, असं ती कथा सांगते. म्हणून मुखिया नेमायचा अधिकार कुळाच्या आईकडे आला. मुखिया पुरुष असतो, पण त्याला निवडते कुळमाता. तो चुकला तर त्याला समज देते आणि तरी ऐकलं नाही तर पदावरून उतरवतेही तीच. हे आजही चालू आहे बरं का!

आता आपल्या मटिल्डाबाई. जन्म २४ मार्च १८२६, सिरॅक्यूज शहराजवळच्या सिसेरो गावात. आईवडलांची एकुलती एक. वडील डॉक्टर हेझेकाया जॉस्लिन मोठे सुधारक. मुलगी म्हणून तिला शिवणकाम-भरतकामावर न ठेवता त्यांनी घरीच ग्रीक, गणित आणि शरीरशास्त्र शिकवलं. गुलामगिरीतून पळून उत्तरेकडे निघालेल्या काळ्या माणसांना त्यांच्या घरात लपवलं जायचं. म्हणजे कायदा आणि न्याय ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे या मुलीला लहानपणीच कळलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं, पण त्या वेळी मुलींसाठी वैद्यकीय कॉलेजचं दार बंद होतं.

अठराव्या वर्षी, १८४५ साली, हेन्री गेज या व्यापाऱ्याशी तिचं लग्न झालं. पाच मुलं झाली, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. पुढे हे कुटुंब जवळच्याच फेयटव्हिल गावी स्थायिक झालं. पळालेल्या गुलामाला मदत केली तर कैद आणि जबर दंड, असा कायदा १८५० साली आला. त्याला न जुमानता मदत करणाऱ्यांत मटिल्डाबाई होत्या. पदरात लहान मुलं, स्वतःची तब्येत नेहमीची नाजूक आणि तुरुंगाची टांगती तलवार. तरी घराचं दार उघडंच राहिलं.

१८५२ साली सिरॅक्यूजला स्त्री-हक्कांची राष्ट्रीय परिषद भरली. तिथं मटिल्डाबाई पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या. वय अवघं सव्वीस, सगळ्या वक्त्यांत त्याच लहान. आवाज बारीक, मागच्या रांगांना नीट ऐकूही येईना. पण भाषण इतकं मुद्देसूद होतं, की ते छापून वाटलं गेलं. तेव्हापासून या बाईंचं हत्यार लेखणी. १८६९ साली राष्ट्रीय मतदान-हक्क संघटना निघाली, तिच्या सुरुवातीपासूनच्या कार्यकर्त्यांत त्या होत्या आणि पुढे अध्यक्षही झाल्या. अँथनी आणि स्टँटन यांच्यासोबत त्यांनी या चळवळीच्या इतिहासाचे पहिले तीन जाडजूड खंड लिहिले. ते १८८१ ते १८८६ या काळात बाहेर आले. बायकांनी लावलेले शोध पुरुषांच्या नावावर कसे जातात, यावर तर त्यांनी १८७० सालीच लिहिलं होतं.

हे सगळं करताना त्यांचं लक्ष शेजारच्या ओनोंडागांकडे गेलं. १८७५ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात त्यांनी होडेनोशोनींवर लेखमाला लिहिली. त्या काळी या लोकांना रानटी म्हणायची पद्धत. मटिल्डाबाईंनी दाखवून दिलं, की ज्यांना तुम्ही रानटी म्हणता त्यांच्या घरात बाईला मालकी आहे, मुलांवर हक्क आहे, राज्यकारभारात शब्द आहे. आणि स्वतःला सुधारलेले म्हणवणाऱ्यांच्या घरात यातलं काहीच नाही. बायकांना बरोबरीचं स्थान मिळालं तर जग बुडेल असं म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कुठलं? जग बुडालं नव्हतं, शेजारीच मका पिकवत होतं!

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८७८ साली सरकारात चर्चा चालली होती, की या मूळच्या लोकांवर अमेरिकेचं नागरिकत्व लादावं. मटिल्डाबाईंनी त्याच वर्षी स्वतःचं वर्तमानपत्र चालवायला घेतलं होतं. त्यातून त्यांनी विरोध केला. ज्या बायका मत मागतायत त्यांना ते देत नाही आणि ज्यांची स्वतःची राष्ट्रं आहेत, ज्यांना ते नकोय, त्यांच्या गळ्यात बांधता, हा कुठला न्याय? नागरिकत्वाच्या नावाखाली त्यांची जमीन काढून घ्यायचा डाव आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. दुसऱ्याचं भलं आपण ठरवायचं नसतं, हे समाजकार्य करणाऱ्या आम्हा बायकांनाही कधीकधी कळत नाही. तो कायदा १९२४ साली झालाच आणि आजही कित्येक होडेनोशोनी स्वतःला अमेरिकेचे नव्हे, आपापल्या राष्ट्राचे नागरिक म्हणवतात.

१८८८ साली वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मटिल्डाबाई तिथं बोलल्या. ॲलिस फ्लेचर नावाच्या अभ्यासक बाईंनी तिथंच सांगितलं, की अमेरिकेचा कायदा लागू झाला की मूळच्या लोकांमधल्या बायकांचे असलेले हक्कही जातात. आपल्या पंडिता रमाबाई त्या काळात अमेरिकेतच होत्या. तिथल्या लोकस्थितीवरचं त्यांचं मराठी पुस्तक पुढच्याच वर्षी, १८८९ साली आलं. तिकडच्या बायकांची ही धडपड आपल्या मराठी घरांत तेव्हाच येऊन पोचली होती.

आता शाळेची गोष्ट. १८८० साली न्यूयॉर्क राज्यानं बायकांना निदान गावातल्या शाळेच्या कारभाऱ्यांच्या निवडणुकीत मत द्यायला परवानगी दिली. मटिल्डाबाईंनी फेयटव्हिलच्या बायकांना जमवलं आणि मतदानाला घेऊन गेल्या. पण १८९२च्या कायद्यानं शाळा-आयुक्तांच्या निवडणुकीतही मत मिळालं म्हणून त्यांनी १८९३ साली नाव नोंदवलं, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. नाव काढून टाकायचा हुकूम झाला, वरच्या कोर्टानंही १८९४ साली तोच कायम केला. पाच मुलांची आई, सत्तरीला आलेली, इतिहासाचे खंड लिहिणारी ही बाई शाळेचा कारभारी निवडायला लायक नाही!

आणि त्याच १८९३ साली काय झालं बघा. मोहॉकांनी त्यांना आपल्या लांडगा कुळात दत्तक घेतलं. नाव दिलं कारोन्येन्हावी, म्हणजे आभाळ पेलणारी. ज्या कुळात मुखिया निवडताना बायकांचा शब्द चालतो, त्या कुळाची ती लेक झाली. स्वतःच्या माणसांनी यादीतून नाव खोडलं, शेजाऱ्यांनी नाव दिलं.

त्यांचं सगळ्यात मोठं पुस्तक त्याच वर्षी आलं. स्त्री, चर्च आणि राज्यसत्ता असा त्याचा विषय. आईच्या वंशावर उभ्या असलेल्या समाजांबद्दल सांगताना त्यांनी त्यात होडेनोशोनींचा दाखला दिला. धर्माच्या नावावर बाईला पापाचं मूळ ठरवून तिचे हक्क कसे काढून घेतले, हेही लिहिलं. पुस्तकाची एक प्रत त्यांनी गावातल्या शाळेच्या ग्रंथालयाला भेट दिली. झालं! गावातून तक्रार गेली. अश्लील साहित्यावर कारवाई करत देशभर फिरणारे अँथनी कॉमस्टॉक नावाचे गृहस्थ होते, त्यांनी मुलांच्या हाती हे पुस्तक दिलं तर खटला भरीन असा दम दिला. मुलांना काय वाचू द्यायचं आणि काय नाही, हे भांडण तेव्हाही होतं आणि आजही आहे.

चळवळीतही त्या एकट्या पडत गेल्या. १८९० साली त्यांची संघटना दुसऱ्या, जास्त सनातनी वळणाच्या संघटनेत विलीन झाली. मत हवं, बाकीचं नंतर बघू, असा सूर होता. मटिल्डाबाईंना ते पटलं नाही. धर्मसत्तेबद्दल गप्प बसून मिळवलेलं मत काय कामाचं, असं त्यांचं म्हणणं. त्या बाहेर पडल्या आणि हळूहळू मैत्रिणींनी लिहिलेल्या इतिहासात त्यांची जागा आक्रसत गेली. गंमत म्हणजे शंभर वर्षांनी, १९९३ साली, मार्गारेट रॉसिटर या इतिहासकार बाईंनी एक संज्ञा रूढ केली. शास्त्रातल्या बायकांच्या कामाचं श्रेय पुरुषांना जाण्याला त्यांनी मटिल्डा परिणाम असं नाव दिलं. म्हणजे विसरलं जाण्यालाच यांचं नाव मिळालं!

तुमच्या मुलांनी विझार्ड ऑफ ओझची गोष्ट वाचली असेल, सिनेमा बघितला असेल. ती लिहिणारे फ्रँक बॉम हे मटिल्डाबाईंचे धाकटे जावई. १८८२ साली सासूबाईंच्या फेयटव्हिलच्या दिवाणखान्यातच मॉडचं आणि त्यांचं लग्न लागलं. लेकीनं कॉलेज सोडून नाटकवाल्याशी लग्न करावं हे आईला आधी रुचलं नव्हतं. पण पुढे घरात मुलांना ते रंगवून गोष्टी सांगतात हे बघून, हे लिहून काढा असा आग्रह याच सासूबाईंनी धरला. ओझचं पुस्तक १९०० साली आलं, ते बघायला मात्र त्या राहिल्या नव्हत्या. १८ मार्च १८९८ रोजी शिकागोत, लेकीच्या घरी, त्यांचं निधन झालं.

पण या जावयांची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८९०च्या डिसेंबरात वुंडेड नी इथं अमेरिकेच्या सैन्यानं लाकोटा बायका-मुलांची कत्तल केली. त्याच्या आगेमागे डाकोटातल्या आपल्या वर्तमानपत्रात बॉम यांनी दोन अग्रलेख लिहिले आणि मूळच्या लोकांचा समूळ नायनाट करावा असं त्यात म्हटलं. ज्या घरात सासूनं त्यांच्याकडून न्याय शिकावा म्हणून लेखणी झिजवली, त्याच घरातला हा माणूस. त्यांच्या वंशजांनी २००६ साली लाकोटांची जाहीर माफी मागितली. लाडक्या लेखकाचं हेही मुलांना सांगावं का? मला वाटतं, सांगावं. मुलांना तेवढं झेपतं.

म्हणूनच त्या चौथीतल्या पुठ्ठ्याच्या लांबघराबद्दल मी विचार करते. सालीचं घर, तीन बहिणी, शंख-शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे, एवढंच शिकवलं तर मुलांना वाटेल, की होते बिचारे कोणी एके काळी. १७७९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हुकमावरून सैन्यानं त्यांची चाळीसेक गावं आणि उभी पिकं जाळली, हे कोण सांगणार? न्यूयॉर्क राज्यातच थॉमस इंडियन स्कूल नावाची निवासी शाळा १८५५ पासून १९५७ पर्यंत चालली. तिथं मुलांना आईपासून आणि आईच्या भाषेपासून तोडलं जात होतं. जिथं मूल आईचं, तिथं आईकडून मूल काढून घेणं म्हणजे सगळं कूळच उपटणं. राज्याच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी २०२५च्या मे महिन्यात सेनेकांच्या वस्तीत जाऊन त्याबद्दल माफी मागितली.

आणि ते लोक आहेत हो, आजही आहेत. सिरॅक्यूजच्या दक्षिणेला ओनोंडागांच्या स्वतःच्या शाळेत मुलं आठवड्याची सुरुवात आभार मानून करतात. माणसांचे, धरणीमातेचे, पाण्याचे, माशांचे, झाडांचे, वाऱ्याचे, सूर्याचे, चंद्राचे, एकेकाचं नाव घेऊन. एकेकाळी ज्या भाषेवरून मार बसायचा, त्या भाषेत.

मटिल्डाबाईंचं फेयटव्हिलचं घर आता वस्तुसंग्रहालय झालंय. त्यांचं नाव पुन्हा लोकांपुढे आणण्यात सॅली रोश वॅग्नर या अभ्यासक बाईंनी हयात घालवली. त्या घरातली एक खोली होडेनोशोनींसाठी राखलेली आहे, हे मला फार योग्य वाटतं. कारण ते घर ज्या जमिनीवर उभं आहे, ती जमीनही मूळची त्यांचीच. गावातल्या स्मशानभूमीत त्यांचा दगड आहे. आई, घर आणि स्वर्ग या शब्दांहूनही गोड शब्द स्वातंत्र्य, अशा अर्थाचं त्यांचं आवडतं वचन त्यावर कोरलंय. पाच लेकरांची आई असं म्हणते तेव्हा ते वरवरचं नसतं.

मैत्रिणींनो, मुलांचा अभ्यास घेताना आपण सनावळ्या पाठ करून घेतो. त्याबरोबर एवढं करून बघूया. पुस्तकात एखाद्या जुन्या समाजाचा धडा आला, की मुलांना विचारायला लावायचं, तिथं घर कुणाचं होतं, धान्याची किल्ली कुणाकडे होती, मुलं कुणाच्या नावानं ओळखली जायची? आणि ते लोक आज कुठं आहेत? मटिल्डाबाईंनी आपल्या शेजाऱ्यांकडे बघून हेच प्रश्न विचारले होते. आपली मुलं ते विचारू लागली, की कधीतरी आपल्याच घरच्या सातबाऱ्याकडेही वळतील. तेव्हा उत्तर द्यायची तयारी मात्र आपण ठेवायला हवी.